गिअरबॉक्स उतरवण्याआधी

१ एप्रिल २०१० रोजी देशातल्या १३ शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना बीएस-४ हा धुराचा कडक नियम लागू झाला. यादीत दिल्ली परिसर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे ही अपेक्षित नावे होती. सुरत, कानपूर, आग्रा आणि लखनौही होते. तेरावे नाव सोलापूर. नागपूर नाही, नाशिक नाही, सोलापूर! हा मान मिळाला तो धुळीमुळे. हवेतल्या धूलिकणांवरून २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या शहरांची दखल घेतली, त्यांत आपले गाव होते. बाकीच्या देशाला हा नियम टप्प्याटप्प्याने लागू होत होत अखेर १ एप्रिल २०१७ उजाडला.

या सरकारी यादीचा गिअरबॉक्सशी काय संबंध? बीएस-४ बरोबर गाडीत ओबीडी आले, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवून ठेवण्याची कायदेशीर सक्ती. २०१० पासून तिचा पहिला टप्पा, २०१३ पासून दुसरा. अमेरिकेत हीच गोष्ट १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली होती. त्यामुळे एमएच-१३ पाटीची २०१० नंतरची ऑटोमॅटिक गाडी घ्या, स्टिअरिंगखाली हात घाला, आणि १६ पिनांचे एक सॉकेट हाताला लागण्याची शक्यता भरपूर. त्या सॉकेटला स्कॅनर लावला की गाडी ‘पी’ने सुरू होणारे आकडे ओकते. आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. स्कॅनरच्या पडद्यावर पी०७०० दिसते, फिटर मान हलवतो, ‘गिअरबॉक्स गेलाय बघा साहेब, उतरवायला लागेल,’ असे म्हणतो, आणि गाडी टोइंगवर चढून पुण्याच्या दिशेने निघते. कित्येकदा तिथे गेल्यावर निघते काय, तर सडलेला कपलर, म्हणजे तारांची जोडणी.

पी०७०० हा कोड इतका बदनाम आहे, की त्याच्यापासूनच सुरुवात करावी. ऑटोमॅटिक गाडीत साधारणपणे दोन संगणक असतात, एक इंजिनाचा आणि एक गिअरबॉक्सचा. काही गाड्यांत दोन्ही एकाच डब्यात. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिन लाइट इंजिनवाल्याच्या ताब्यात असतो. गिअरबॉक्सवाल्याला काही खटकले, तर तो स्वतःच्या वहीत नेमका कोड लिहितो आणि इंजिनवाल्याला कळवतो, ‘दिवा लाव.’ इंजिनवाला दिवा लावतो आणि आपल्या वहीत लिहितो, पी०७००. म्हणजे या कोडचा पूर्ण अर्थ एवढाच, की ‘तक्रार आली आहे, तपशील दुसऱ्याकडे आहे’. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाच्या संगणकाशी बोलतात. अशा स्कॅनरांतली मूळ ईएलएम ३२७ चिप ज्या कॅनेडियन कंपनीची होती ती २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात जे फिरते आहे त्यातले बरेचसे नकली आहे. तसल्या यंत्राला पी०७०० दिसतो आणि त्याच्या पुढचे काहीच दिसत नाही. माझ्या मते केवळ पी०७०० वर कोणी गिअरबॉक्स उघडायला काढत असेल, तर गाडीची किल्ली परत मागावी.

खरा कोड पाहायचा तर गिअरबॉक्सच्या संगणकात शिरणारा स्कॅनर हवा. शहरातल्या बऱ्याच गॅरेजांत तो आता असतो. विचारायचे एवढेच, की ‘टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक, वाचता येतो का?’ तो वाचला की आकडे दिसतात. त्यांची भाषा सोपी आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून होणारी शक्तियंत्रणा. पुढचे शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. तिसऱ्या जागी सात, आठ किंवा नऊ असेल तर विषय गिअरबॉक्सचा. खासगी कोडचा अर्थ इंटरनेटवर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा सापडतो आणि माणूस भलतीकडे भरकटतो, म्हणून पी१ ने सुरू होणाऱ्या कोडबाबत त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेशिवाय कुणाचेही ऐकू नये.

इथे एक फरक आधीच सांगून टाकतो. २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून रस्त्यावर ‘ऑटोमॅटिक’ म्हणून दिसणाऱ्या गाड्यांत मोठा भरणा एएमटीचा आहे. तो नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे हे काम यंत्र करते, एवढेच. त्याचे दुखणे वेगळे, कोडही बरेचसे वेगळे. या लेखातली गाडी जुन्या पद्धतीची आहे, तेलाच्या दाबावर गिअर बदलणारी: i१० ची चार गिअरवाली ऑटोमॅटिक, एसएक्स४, जुनी सिटी, कोरोला, लान्सर अशा पठडीतली.

या गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात एक पाते इंजिनाला जोडलेले, समोरचे गिअरबॉक्सला. पहिले फिरले की तेल दुसऱ्यावर आदळते आणि ते फिरू लागते. हर्मन फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी ही कल्पना काढली. पुढे बहुतेक गाड्यांत ग्रहमालेसारखे रचलेले गिअर असतात: मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेर दातेरी कडे. यातले कुणाला धरून ठेवायचे आणि कुणाला फिरू द्यायचे यावर गिअर ठरतो, आणि हे धरण्या-सोडण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळणाऱ्या क्लचच्या चकत्या करतात.

दाब कुठे पाठवायचा हे व्हॉल्व्ह बॉडीत ठरते. उजनी धरणाच्या डाव्या-उजव्या कालव्यांवरून वितरिका, वितरिकांवरून चाऱ्या, आणि प्रत्येक फाट्यावर दरवाजा, अशी रचना डोळ्यांसमोर आणा. पंप म्हणजे धरण, ॲल्युमिनियममध्ये कोरलेल्या वळणावळणाच्या वाटा म्हणजे कालवे, आणि सोलेनॉइड म्हणजे दरवाजावरचा माणूस. संगणक त्याला फोन करतो, तो दरवाजा उघडतो. आता शेवटच्या चारीला पाणी पोहोचले नाही, तर फोनची तार तुटली असेल, माणूस झोपला असेल, दरवाजा गाळाने अडकला असेल, कालवा फुटला असेल, किंवा धरणातच पाणी नसेल. शेतकऱ्याला बांधावरून दिसते एकच, ‘पाणी आले नाही’. गिअरबॉक्सचे कोडही तितकेच सांगतात, फक्त किंचित अधिक बारकाईने.

ही बारकाई कुठे असते ते पाहू. पी०७५० ते पी०७७० च्या आसपासचे कोड शिफ्ट सोलेनॉइडचे. त्यात पी०७५३ म्हणजे सोलेनॉइड ‘ए’च्या विजेच्या वाटेत दोष, पी०७५१ म्हणजे वीज ठीक वाटते, पण काम झालेले दिसत नाही. शेवटच्या एका आकड्याने तपासाची दिशा बदलते. पहिल्या कोडला मीटर हातात घ्यायचा, दुसऱ्याला तेलाची पट्टी.

वीजदोषाचा तपास स्वस्त आहे आणि गिअरबॉक्स न उतरवता होतो. बाहेरचा कपलर सोडायचा आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांचा रोध मोजायचा. साध्या चालू-बंद सोलेनॉइडचा रोध बहुतेक जुन्या जपानी गाड्यांत थंड असताना ११ ते १५ ओहमच्या घरात येतो. होंडाच्या गाड्यांत मर्यादा थोडी रुंद, आणि दाब कमी-जास्त करणाऱ्या सोलेनॉइडचा आकडा बराच कमी, पाच ओहमच्या आसपास. अनंत आला तर आतली तार तुटली, शून्याजवळ आला तर शॉर्ट. आकडा बरोबर आला, तर दोष कपलरपासून संगणकापर्यंतच्या तारेत किंवा अर्थिंगमध्ये शोधायचा.

यात सोलापूरच्या उन्हाने एक पेच टाकलेला आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना १३ ओहम दाखवणारे सोलेनॉइड तेल १०० अंशांवर गेल्यावर १७ च्या जवळ दाखवेल, आणि ते अगदी निरोगी असेल. हे माहीत नसलेला माणूस गरम गाडीवर मीटर लावतो, पुस्तकातला आकडा पाहतो आणि चांगले सोलेनॉइड फेकून देतो. याच्या उलटही होते. आतल्या वेटोळ्यात बारीक चीर असते, थंडीत टोके एकमेकांना टेकलेली, तापल्यावर फाकतात. सकाळी गॅरेजमध्ये सगळे ठीक, दुपारी दोन वाजता विजापूर रोडवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकते. अशा गाडीची तपासणी सकाळी करून उपयोग नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४२-४३ ला टेकतो त्या वेळी, गाडी तापवून, तापलेलीच मोजली पाहिजे. फिटर वैतागतो, पण त्याला इलाज नाही.

तिसऱ्या गिअरमध्ये अडकण्याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला भरवसा राहिला नाही, की तो सगळ्या सोलेनॉइडची वीज तोडतो. वीज नसताना तेलाच्या वाटा अशा रचलेल्या असतात, की एक मधलाच गिअर लागलेला राहतो. चार गिअरच्या गाड्यांत बहुधा तिसरा. गिअरची दांडी मात्र थेट लोखंडी जोडणीने व्हॉल्व्ह हलवते, म्हणून पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल शाबूत असतात. गाडी जड उठते, पण हळूहळू बार्शीहून सोलापूरला घरी आणते. ती खराब झाली असे लोक म्हणतात. खरे तर ती स्वतःला जपते आहे. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की कित्येकदा सगळे गिअर परत येतात, आणि मालक विसरून जातो. कोड मात्र वहीत असतो.

म्हणूनच बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ मारण्याच्या आपल्या लाडक्या उपायावर माझा राग आहे. कोडबरोबर संगणक त्या क्षणाचे चित्र जपून ठेवत असतो: इंजिनाचे फेरे, वेग, तापमान, इंजिनावरचा भार. दोष ४० च्या वेगाला थंड गाडीत आला की ९० ला तापलेल्या गाडीत, हे त्यावरून कळते. तार काढली की बहुतेक जुन्या गाड्यांत हा पुरावा जातो, शिवाय क्लच किती झिजला त्यानुसार संगणकाने शिकून ठेवलेले दाबाचे हिशेबही जातात आणि गाडी काही दिवस झटके मारते. आधी वहीत किंवा मोबाइलच्या फोटोत सगळे उतरवून घ्यावे, मगच हात लावावा.

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे कोड आले, सोलेनॉइड ए, बी, स्पीड सेन्सर, वर आणखी काही, तर इतके सुटे भाग एका दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचे: फ्यूज, अर्थिंगचा बोल्ट, किंवा खुद्द बॅटरी. आपल्याकडे उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर दगावतात. स्टार्ट मारताना विजेचा दाब कोसळला, की गिअरबॉक्सचा संगणक गोंधळून भलभलते लिहितो. सोबत पी०५६२, म्हणजे विजेचा दाब कमी असल्याचा कोड, सापडला तर प्रकरण तिथेच संपायला हरकत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा कोड, पी०७३२: ‘दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर चुकीचे’. हा कोड पाहून भलेभले गिअरबॉक्स उघडतात. संगणकाला हे कळते कसे? गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या दांड्यावर एक वेगमापक सेन्सर असतो आणि बाहेर जाणाऱ्या दांड्यावर दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने भागले की लागलेला गिअर मिळतो. समजा एका चार गिअरच्या गाडीत गुणोत्तरे २.८, १.५, १ आणि ०.७ आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये आतला दांडा २१०० फेरे घेत असेल तर बाहेरचा १४०० घ्यायला हवा; भागाकार दीड. सगळे ठीक.

एके दिवशी संगणकाने दुसरा गिअर मागितला, बाहेरचा १४०० फिरतो आहे आणि आतला २४५०. भागाकार १.७५. या पेटीत १.७५ चा गिअरच नाही. म्हणजे चकत्या घसरत आहेत, इंजिन जोर लावते आणि तो मधेच विरतो. कोड पी०७३२.

आणखी एका गाडीतही संगणकाने दुसरा गिअर मागितला, बाहेरचा १४०० आणि आतलाही १४००. भागाकार १. हा तर तंतोतंत तिसरा गिअर. एकही चकती घसरत नाही, क्लच उत्तम. फक्त जो दरवाजा बदलायचा तो बदलला नाही. सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह अडकलेला. कोड पुन्हा पी०७३२.

एक गाडी ओव्हरहॉलच्या वाटेवर, दुसरीला तळाचा तेलाचा पॅन उघडून सोलेनॉइड बदलला तरी पुरते. स्कॅनरच्या पडद्यावर दोघींची तक्रार सारखी. फरक दिसतो तो चालत्या गाडीत, ‘लाइव्ह डेटा’ नावाच्या त्या पानावर, जे उघडायचे कष्ट फार थोडे जण घेतात. शेजारच्या सीटवर स्कॅनर घेऊन एकाने बसायचे, दुसऱ्याने मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायची, आणि मोबाइलच्या गणकयंत्रावर भागाकार करायचा. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये, हे वेगळे सांगायला नको. आतल्या दांड्याचा सेन्सरच खोटे बोलत असेल तर? मग भागाकार दर गिअरमध्ये वेडावाकडा येतो, किंवा आकडा मधेच शून्यावर पडतो. लोखंडी दांड्याचा वेग असा निमिषात शून्य होत नसतो, हे तारेचे काम. पी०७१५ आणि पी०७२० हे अनुक्रमे त्या दोन सेन्सरांचे कोड.

वीज निर्दोष ठरली की तेलाकडे वळायचे, आणि इथे आपण सगळेच कमी पडतो. इंजिन ऑइल बदलणारा माणूस गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ समजतो. कुणाचे आयुष्य, हे कुणी विचारत नाही. हे तेल रंग घालून लाल केलेले असते. तपकिरी झाले तर जुने. काळे आणि जळका वास असेल तर चकत्यांचे अस्तर त्यात विरघळले आहे. पातळी पाहायची रीत गाडीगणिक निराळी: टोयोटासारख्या बहुतेक गाड्यांत तेल तापवून, सगळ्या गिअरमधून दांडी फिरवून, इंजिन चालू ठेवून पट्टी बघतात, होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत. उलटे केले की पातळी चुकीची दिसते, कुणीतरी लिटरभर जास्त ओततो, तेल फेसाळते, फेसाला दाब धरता येत नाही, आणि गिअर घसरल्याचा एक नवाच कोड जन्माला येतो. तेलाची जात तर त्याहून नाजूक. टोयोटाचे टी-४, ह्युंदाई-मित्सुबिशीचे एसपी-३, होंडाचे स्वतःचे. ‘लाल आहे ना, चालतंय’ म्हणून काहीही ओतले की घर्षणाचा हिशेब बिघडतो.

सोलापूरच्या गाड्यांना आणखी एक रोग होतो, आणि त्याचे मूळ नळात आहे. किंवा नळाला पाणी नसण्यात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल गार करणारी नळी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीत बसवलेली असते. कूलंटऐवजी आपण बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओततो. वर्षानुवर्षे क्षारांचा थर चढतो, तेल गार होत नाही. पुढे गंज लागून आतली नळी झिरपते आणि पाणी तेलात मिसळते. तेल गुलाबी-दुधाळ दिसते. हे दिसले की गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नये, कारण पाणी चकत्यांवर अस्तर चिकटवणारा गोंद सोडवते. या रोगाचे आरंभीचे कोड तापमानाचे असतात: पी०७११, म्हणजे तापमान सेन्सरचे वागणे पटत नाही, किंवा पी०२१८, म्हणजे गिअरबॉक्स अति तापला. लोक सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा खरे सांगत असतो.

तुळजापूरचा घाट चढताना, चार माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन, हा रोग उघडा पडतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पात्यांच्या वेगात फरक असतो तोवर तेल घुसळले जाते आणि तापते. म्हणून सपाट रस्त्यावर वेग स्थिर झाला की लॉक-अप क्लच दोघांना एकत्र जखडतो. हे जखडणे झाले नाही, तर कोड येतो पी०७४१. त्याच्या विजेच्या वाटेत दोष असेल तर पी०७४० किंवा पी०७४३. पुणे महामार्गावर याची घरगुती परीक्षा करता येते. मागेपुढे रस्ता मोकळा असताना ८० च्या स्थिर वेगाला, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लागू द्यायचा नाही. ब्रेकचा स्विच दबला की संगणक लॉक-अप सोडतो, आणि फेऱ्यांचा काटा जरासा वर उसळतो. पाय काढल्यावर थोड्या वेळाने परत खाली. काटा हललाच नाही, तर लॉक-अप मुळात लागतच नव्हता. अशी गाडी पेट्रोल जास्त पिते आणि तापते. धुराच्या कायद्याला गिअरबॉक्सच्या कोडांत रस असण्याचे कारणही हेच. बऱ्याचदा तेल बदलून, सोलेनॉइड साफ करून किंवा बदलून हे सुटते. नाही सुटले तर कन्व्हर्टर उघडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

वर्षानुवर्षे न बदललेले तेल एकदम बदलावे का, यावर गॅरेजांत दोन तट आहेत. ‘जुन्या तेलात गाडी चालत होती, नवीन टाकले आणि बसली,’ ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. माझा अंदाज असा, की ती गाडी बसणारच होती, म्हणून तर तेल बदलायला आणली होती. तरी यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम उपसण्यापेक्षा पॅनमधून निघेल तेवढेच काढून तितकेच भरावे, काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तसेच करावे, हे मला बरे वाटते. एका वेळी निम्म्याहून कमीच तेल निघते, आणि अडकलेला गाळ एकदम सुटून बारीक वाटांत जात नाही. पॅन उघडला की तळाच्या चुंबकावर पाहायचे. राखाडी पिठूळ थर म्हणजे वयाची झीज. चमकणारे कण किंवा तुकडे म्हणजे खरी मोडतोड.

दांडीच्या जागेचा सेन्सर, पी०७०५ आणि पी०७०६, हा सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त घाबरवणारा दोष. दांडी कुठे आहे हेच संगणकाला समजत नाही, म्हणून तो गोंधळतो. लक्षणे ओळखीची असतात: पार्कमध्ये स्टार्ट होत नाही, न्यूट्रलमध्ये होते, रिव्हर्सचा दिवा लागत नाही, डॅशबोर्डवर ‘डी’ मधूनच गायब. हा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेर बसतो, धूळ आणि पाणी खातो. सर्व्हिसिंगला इंजिन धुऊन आल्यानंतर दोन-चार दिवसांत हा कोड आला, तर प्रेशरच्या पाण्याचा संशय पहिला घ्यावा.

ज्यांच्या गाडीत ओबीडी नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९९० च्या दशकातल्या जपानी गाड्या दिव्यांनी बोलतात. होंडाच्या जुन्या गाड्यांत, त्यात १९९८ ला आपल्याकडे आलेली पहिली सिटीही आली, ‘डी४’ चा दिवा लुकलुकू लागला की समजावे, नोंद झाली. डॅशबोर्डखालचा दोन पिनांचा तपासणीचा कपलर तारेच्या तुकड्याने जोडला, की तोच दिवा कोड मोजून दाखवतो: लांब उघडझाप दहाची, छोटी एकाची. सात म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ए, आठ म्हणजे बी, एक लांब आणि पाच छोट्या म्हणजे मेनशाफ्टचा वेगमापक. टोयोटात इंजिनजवळच्या तपासणीच्या डबीत टीई१ आणि ई१ या पिना जोडायच्या आणि ‘ओ/डी ऑफ’ चा दिवा पाहायचा: सहा झपके, थांबा, दोन झपके, म्हणजे ६२, पहिला सोलेनॉइड; ६३ दुसरा; ६४ लॉक-अपचा; ४२ आणि ६१ वेगमापकांचे. खर्च एका तारेचा. फक्त पिनांची नावे झाकणावर नीट वाचून घ्यावीत. भलत्या दोन पिना जोडल्या तर संगणकच जळेल.

सोलापूर हे काही यंत्रांना बुजणारे गाव नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. इंजिनाच्या हृदयातला भाग आपण घडवतो, आणि गिअरबॉक्सचा दिवा लागला की हात वर करतो! कारण उघड आहे: या शहरात ऑटोमॅटिक गाड्या वर्षानुवर्षे थोड्या होत्या, त्यामुळे हात बसलेले कारागीर थोडे. कौशल्य कमी असेल तिथे सुटे भाग बदलत सुटणे हाच तपास होतो, आणि त्याचे बिल मालक भरतो.

पेटी खरोखर गेली आहे, असे कधी मानावे? तेल काळे आणि जळके, चुंबकावर धातूचे तुकडे, भागाकार एकाहून जास्त गिअरमध्ये घसरलेला, आणि विजेची मोजमापे निर्दोष. या चारही गोष्टी जुळल्या, तर उतरवण्याला पर्याय नाही. मग प्रश्न उरतो ओव्हरहॉल की जुन्या गाडीतून काढलेली पेटी. वापरलेली पेटी घेताना नुसते मॉडेलचे नाव जुळवू नये. पेटीवर ठोकलेला कोड, गुणोत्तरे आणि कपलरच्या पिना जुळल्या पाहिजेत. नाहीतर संगणक नव्या पेटीचा भागाकार जुन्या हिशेबाने करतो आणि पहिल्याच दिवशी पी०७३० लिहून मोकळा होतो. ओव्हरहॉल करणार असाल तर कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय नवी पेटी जोडू देऊ नका. जुन्या पेटीचा कीस त्या नळ्यांत बसलेला असतो आणि नव्या व्हॉल्व्ह बॉडीत तो पहिल्या आठवड्यातच पोहोचतो.

आणि काम झाल्यावर दिवा विझला एवढ्यावर पैसे देऊ नयेत. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतोच, दोष तसाच असला तरी. गाडी थंड असताना सुरू करून, गावातून सगळे गिअर पडतील अशी, मग महामार्गावर लॉक-अप लागेल अशी, तापेपर्यंत चालवावी, आणि परत येऊन स्कॅनर पुन्हा लावावा. पडद्यावर ‘प्रलंबित’ नावाची वेगळी यादी असते. दिवा लावण्याइतकी खात्री संगणकाला अजून झालेली नाही, पण संशय आला आहे, असे कोड तिथे बसतात. ती यादी रिकामी असेल, तर बिल चुकते करावे.